कंटेनर बनवणाऱ्या कंपनीचे आकडे कसे वाचायचे? सीआयएमसीचा अहवाल समोर ठेवून

शेन्झेनच्या सीआयएमसी या कंपनीने २०२१ साली, कोविडच्या तेजीत, सुमारे २५.१ लाख टीईयू ड्राय, म्हणजे शीतकरण नसलेले साधे, कंटेनर विकले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचे एक माप. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरतात. २०२४ मध्ये तिने ३४.३ लाख टीईयू विकले, म्हणजे तीन वर्षांत विक्री एक तृतीयांशाहून अधिक वाढली. पण याच काळात तिच्या कंटेनर विभागाचा निव्वळ नफा १,१३६ कोटी युआनवरून ४०८ कोटी युआनवर आला.

कंटेनर कंपनीचा अहवाल पहिल्यांदा उघडणारा माणूस इथेच अडकतो. बहुतेक जण उलाढाल, नफा आणि पीई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) एवढेच पाहून मोकळे होतात. साबण किंवा बिस्किटे विकणाऱ्या कंपनीला ते कदाचित चालून जाईल, इथे चालत नाही. इथला नफा मागणीच्या भरती-ओहोटीवर तरंगतो. म्हणून या धंद्यात आधी कंटेनर मोजायचे, पैसे नंतर. ते कसे करायचे, हे एका खऱ्या कंपनीच्या आकड्यांवरून पायरी-पायरीने पाहू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना, निर्यातदारांना आणि मालवाहतुकीशी संबंधित शेअर घेणाऱ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल. हा शेअर घ्या किंवा विका असे मी इथे सांगत नाही.

पायरी १: कंपनी आणि कागद

सीआयएमसी, म्हणजे चायना इंटरनॅशनल मरीन कंटेनर्स, १९८० साली चायना मर्चंट्स आणि डेन्मार्कची ईस्ट एशियाटिक कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिली. १९९६ पासून कंटेनर बनवण्यात ती जगात पहिल्या क्रमांकावर आहे. तिचे शेअर शेन्झेन आणि हाँगकाँग अशा दोन्ही बाजारांत आहेत. हाँगकाँगमधला तिचा क्रमांक २०३९. हाँगकाँग शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की इंग्रजी अहवाल फुकट मिळतात. वार्षिक अहवाल मार्चअखेर येतो, सहामाही ऑगस्टअखेर, आणि पहिल्या व तिसऱ्या तिमाहीचे त्रोटक निकाल एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये.

निदान पाच वर्षांचे अहवाल उतरवून घ्या. या धंद्यात एका वर्षाचा अहवाल एकटा वाचणे धोक्याचे आहे, मागच्या वर्षाशी तुलना करणे तर त्याहून. २०२४ च्या अहवालात ड्राय कंटेनरची विक्री चारशे टक्क्यांहून जास्त वाढल्याचे दिसते. वाचून हुरळून जावे असा आकडा, पण त्याचा पाया आहे २०२३ ची ६.६५ लाख टीईयू इतकी खोल गेलेली विक्री.

पायरी २: आधी नग, मग नोटा

एक साधा तक्ता करा. स्तंभ चार: वर्ष, विकलेले ड्राय कंटेनर, कंटेनर विभागाची उलाढाल, कंटेनर विभागाचा निव्वळ नफा. हे आकडे व्यवस्थापनाच्या विवेचनात, विभागवार माहितीत मिळतात. संपूर्ण समूहाची उलाढाल या तक्त्यात घेऊ नका, त्याचे कारण पुढे येईल.

२०२१: २५.१ लाख टीईयू, ६,५९७ कोटी युआन, १,१३६ कोटी युआन.
२०२३: ६.६५ लाख टीईयू, ३,०२१ कोटी युआन, १७९ कोटी युआन.
२०२४: ३४.३ लाख टीईयू, ६,२२० कोटी युआन, ४०८ कोटी युआन.

आता भागाकार करा. २०२१ मध्ये दर टीईयूमागे उलाढाल सुमारे २६,३०० युआन आणि नफा सुमारे ४,५०० युआन. २०२४ मध्ये उलाढाल सुमारे १८,१०० आणि नफा जेमतेम १,२००. एका कंटेनरमागचा नफा जवळजवळ चौथाईवर आला. २०२१ ची तेजी भावाची होती, २०२४ ची नगांची. दोन्हींना वर्तमानपत्रांत 'तेजी' म्हणतात, पण भागधारकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावाच्या तेजीत कारखाने तेच, कामगार तेच, आणि वरचा पैसा बराचसा थेट नफ्यात उतरतो. नगांच्या तेजीत पोलाद जास्त लागते, पाळ्या वाढवाव्या लागतात, खेळते भांडवल अडकते आणि हाती थोडेच राहते.

२०२३ चा भागाकार केलात तर गंमत वाटेल: दर टीईयूमागे उलाढाल ४५,००० युआनच्या वर! तो आकडा खरा मानू नका. मंदीत ड्राय कंटेनर इतके कमी विकले गेले की विभागाच्या उलाढालीत रीफर, म्हणजे शीतकरणाचे कंटेनर, आणि खास मापाच्या कंटेनरांचा वाटा फुगला. ते महाग असतात, आणि आपण भागतो आहोत फक्त ड्राय कंटेनरच्या संख्येने. त्यामुळे हा भागाकार तेजीच्या दोन वर्षांची तुलना करायला चांगला, मंदीच्या वर्षी फसवा. रीफरची संख्या अहवालात वेगळी दिलेली असते, ती शेजारच्या स्तंभात लिहीत चला.

पायरी ३: कंटेनरचा भाव आणि पोलादाचा भाव

कंटेनर म्हणजे मुख्यतः कोर्टेन या गंजाला दाद न देणाऱ्या पोलादाचा पत्रा, कोपऱ्यांचे ओतीव ठोकळे, लाकडी किंवा बांबूची फरशी, दाराचे दांडे आणि रंग. वीस फुटी रिकाम्या कंटेनरचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते आणि कच्च्या मालाच्या खर्चात अर्ध्याहून जास्त वाटा पोलादाचा. म्हणून दोन रेषा एकाच आलेखावर काढा: नव्या वीस फुटी कंटेनरचा डॉलरमधला भाव आणि चीनमधल्या हॉट रोल्ड कॉइलचा, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळीचा, भाव. या दोन रेषांमधले अंतर हाच कारखान्याचा श्वास.

२०२० च्या सुरुवातीला दोन हजार डॉलरच्या आसपास असलेला कंटेनर २०२१ च्या मध्याला ३,८०० डॉलरच्या घरात गेला. त्या काळात पोलादही महागले होते, पण कंटेनर त्याहून वेगाने चढला आणि मधले अंतर रुंदावले. २०२३ संपता संपता भाव पुन्हा दोन हजारांच्या आसपास होता. २०२४ मध्ये मागणी विक्रमी होऊनही भाव २०२१ च्या जवळपासही फिरकला नाही. कारण कारखान्यांकडे क्षमता भरपूर होती. कोविडमध्ये सगळे बेसावध सापडले होते, या वेळी ते तयारीत होते.

भाव पाहताना धोरणाकडेही लक्ष हवे. २०१७ मध्ये चीनच्या कंटेनर कारखान्यांनी रसायनी द्रावकांचे रंग सोडून पाण्यावर आधारित रंग धरले. असा रंग वाळायला वेळ लागतो, त्यामुळे रांगेचा वेग मंदावला, काही काळ पुरवठा आखडला आणि भाव वर गेले. अशी बातमी अहवालातल्या आकड्यांत नंतर दिसते, आधी ती उद्योगाच्या बातम्यांत असते.

पायरी ४: विकत कोण घेते आहे?

कंटेनरचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक जहाज कंपन्या: एमएससी, मर्स्क, सीएमए सीजीएम, कॉस्को. दुसरे भाड्याने कंटेनर देणाऱ्या कंपन्या: ट्रायटन, टेक्स्टेनर, फ्लोरेन्स वगैरे. जगातल्या कंटेनरांचा साधारण निम्मा साठा या दुसऱ्या गटाच्या हातात असतो. ऑर्डर दिल्यापासून कंटेनर हातात येईपर्यंत फार तर काही महिने लागतात. जहाजबांधणीसारखे तीन-तीन वर्षांचे ऑर्डर बुक इथे नसते. त्यामुळे 'आमच्याकडे ऑर्डरी भरपूर आहेत' या व्यवस्थापनाच्या वाक्याचे आयुष्य एका तिमाहीएवढे धरा.

भाडे कंपन्यांचे अहवाल मला कारखान्याच्या अहवालाइतकेच मोलाचे वाटतात. नव्या कंटेनरचा चालू भाव, कारखान्यांच्या आवारात पडून असलेला साठा, आपले किती टक्के कंटेनर भाड्यावर गेले आहेत, हे सगळे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. टेक्स्टेनर स्टोनपीक या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली आणि ट्रायटन ब्रुकफील्ड या गुंतवणूक समूहाच्या कंपनीकडे गेली, त्यामुळे पूर्वीइतकी माहिती आता सहज मिळत नाही. तरी ट्रायटनचे प्रेफरन्स शेअर बाजारात असल्याने तिचे अहवाल अजून निघतात. ते वाचाच.

यापुढचे काम पायांनी करायचे आहे. उरण-पनवेल रस्त्यावर, न्हावा शेवा बंदराच्या बाहेर, ट्रेलरांची रांग लागते. कोणत्याही कंटेनरच्या दाराच्या खालच्या भागात तळहातापेक्षा थोडी मोठी धातूची पाटी ठोकलेली असते. ही सुरक्षा मान्यतेची पाटी, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनकारक. त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष, ओळख क्रमांक, कमाल एकूण वजन, थरावर थर रचताना सोसायचा भार, असे सगळे कोरलेले असते. कमाल वजन बहुतेक वेळा ३०,४८० किलो दिसेल. आसपासच्या पाट्यांवर बनवणाऱ्या कारखान्याचे नावही सापडते आणि ते जवळजवळ नेहमी चिनी असते. दारावरच्या चार मोठ्या अक्षरांतली पहिली तीन मालकाची आणि चौथे बहुधा यू. वीस-पंचवीस कंटेनरांची वर्षे वहीत टिपून पाहा. ड्राय कंटेनर समुद्रावर साधारण बारा ते पंधरा वर्षे चालतो, मग गोदाम, साइट ऑफिस किंवा भंगार. आपल्या डोळ्यांसमोरचा साठा म्हातारा आहे की तरुण, याचा अंदाज अशा वहीतून येतो. हे शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे, पण 'बदलीची मागणी' हा अहवालातला शब्द त्यानंतर पोकळ राहत नाही.

पायरी ५: कंटेनर विभाग वेगळा काढा

सीआयएमसीचे नाव कंटेनरचे, पण २०२४ च्या १७,७६६ कोटी युआनच्या एकूण उलाढालीत कंटेनरचा वाटा ३५ टक्के. बाकी ट्रेलर आणि ट्रकची बांधणी, गॅसच्या टाक्या आणि रासायनिक उपकरणे बनवणारी एन्रिक, यानताईची राफल्स ही सागरी अभियांत्रिकीची कंपनी, मालवाहतूक सेवा, विमानतळावरचे बोर्डिंग पूल आणि अग्निशमनाच्या गाड्या.

याचा परिणाम मोठा आहे. २०२१ मध्ये एकट्या कंटेनर विभागाने १,१३६ कोटी युआन कमावले, पण भागधारकांच्या वाट्याला आलेला समूहाचा निव्वळ नफा होता ६६७ कोटी. उरलेले काही तेल उत्खननाच्या तरत्या सामग्रीतल्या तोट्याने आणि तिच्या घटवलेल्या किमतीने खाल्ले. काही उपकंपन्यांतल्या अल्पांश भागधारकांकडे गेले, कारण एन्रिक आणि ट्रेलरची कंपनी स्वतंत्रपणे बाजारात नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्या नफ्यात इतरांचाही हिस्सा आहे. म्हणून नफ्याच्या ओळीत 'मूळ कंपनीच्या भागधारकांचा नफा' हीच ओळ घ्या, वरची एकूण नफ्याची नको.

त्या ओळीचा पाच वर्षांचा प्रवास असा: २०२० मध्ये ५३५ कोटी युआन, २०२१ मध्ये ६६७, २०२२ मध्ये ३२२, २०२३ मध्ये फक्त ४२ आणि २०२४ मध्ये २९७. समजा २०२१ च्या नफ्यावर पीई काढून कोणी शेअर 'स्वस्त' ठरवला असेल, तर दोनच वर्षांत तो नफा सोळाव्या हिश्श्यावर आला. अशा धंद्यात पीई सर्वांत कमी दिसतो तो शिखरावर, आणि सर्वांत भयंकर दिसतो तो तळाशी. पाच ते सात वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून तिच्यावर भाव मोजा. वरच्या पाच वर्षांची सरासरी येते सुमारे ३७३ कोटी. मी तरी हाच आकडा बोलीचा पाया धरीन.

पायरी ६: चलन आणि एकदाच येणारे आकडे

कंटेनर डॉलरमध्ये विकला जातो, पगार आणि पोलाद युआनमध्ये. हा धोका झाकायला कंपनी डॉलरचे वायदे करते आणि त्या वायद्यांचा नफा-तोटा थेट निकालात येतो. २०२३ ची ती ४२ कोटींची पडझड फक्त कंटेनरच्या मंदीने झाली नाही, चलनाच्या वायद्यांतल्या तोट्यानेही हात दिला. म्हणून 'अनावर्ती (एकदाच येणाऱ्या) बाबी वगळून नफा' ही चिनी अहवालात सक्तीने दिलेली ओळ नेहमी शेजारी लिहा. दोन ओळींत फार तफावत असेल त्या वर्षी टिपा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ७: रोकड

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. तेजी सुरू होताना साठा आणि उधारी फुगते आणि नफा असूनही हातात रोकड कमी येते. मंदीच्या सुरुवातीला उलटे: नफा पडतो, पण जुनी उधारी वसूल होऊन रोकड चांगली दिसते. तिमाहीचा रोकड प्रवाह एकटा पाहून मत बनवू नका. साठ्यातला तयार माल आणि कच्चा माल वेगवेगळा बघा. पोलाद साठवले असेल तर व्यवस्थापनाला भाववाढ अपेक्षित आहे. तयार कंटेनर साठले असतील, तर गिऱ्हाईक थांबले आहे.

पायरी ८: पुढचे वर्ष कसे असेल?

आता अंदाजाकडे. सुरुवात जगाच्या साठ्यापासून करा. जगात सुमारे पाच कोटी टीईयू कंटेनर फिरत आहेत. दरवर्षी पाच टक्के बाद होतात असे धरले तर २५ लाख टीईयू बदलीसाठी लागतात. व्यापार तीन टक्क्यांनी वाढला तर आणखी १५ लाख. म्हणजे साधारण वर्षी ४० लाखांची गरज. हा हिशेब ढोबळ आहे आणि दोन्ही टक्के तुम्ही आपल्या समजुतीप्रमाणे बदलावेत, पण त्यातून एक मोजपट्टी मिळते. २०२१ मध्ये जगभरात ७० लाख टीईयूच्या पुढे कंटेनर बनले, २०२३ मध्ये २५ लाखांच्याही आत, आणि २०२४ मध्ये ८० लाखांच्या आसपास. मोजपट्टीच्या दुप्पट उत्पादन झालेले वर्ष पुढच्या वर्षांची मागणी आधीच उचलून नेते, जोवर एखादे खरे कारण तिला टिकवून धरत नाही.

२०२४ मध्ये ते कारण लाल समुद्र होता. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गॅलक्सी लीडर हे जहाज येमेनच्या हूती बंडखोरांनी पळवले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. आशिया ते युरोप प्रवास साधारण दहा दिवसांनी लांबला. तोच माल, पण कंटेनर जास्त दिवस पाण्यावर, म्हणून तेवढ्याच व्यापाराला जास्त कंटेनर लागले. यातला धोका उघड आहे. जहाजे पूर्णपणे सुएझमार्गे परतली की हे जास्तीचे कंटेनर मोकळे होतील आणि कारखान्यांना त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागेल.

उलट बाजूला जहाज कंपन्यांनी नोंदवलेल्या नव्या जहाजांचा प्रचंड ढीग आहे. नवे जहाज पाण्यात उतरते तेव्हा त्याला कंटेनर लागतात. शिवाय २००९ च्या मंदीनंतर, २०१० आणि २०११ मध्ये बनलेल्या कंटेनरांची पंधरा वर्षे आता भरली आहेत. मागणीला तळाशी आधार आहे असे मला वाटते, पण २०२४ चे शिखर सवयीचे होईल असे मानायला आधार दिसत नाही.

२०२५ च्या आकड्यांवर ही पद्धत तपासून पाहा. पहिल्या सहामाहीत सीआयएमसीची ड्राय कंटेनर विक्री सुमारे १९ टक्क्यांनी घटून ११.३ लाख टीईयूवर आली. रीफर मात्र दुपटीहून जास्त होऊन ९२ हजार टीईयूवर गेले. समूहाची उलाढाल किंचित घटली, तरी भागधारकांचा नफा जवळजवळ ४८ टक्क्यांनी वाढून १२८ कोटी युआन झाला. बातम्यांत ही ४८ टक्क्यांची वाढ ठळक आली. तक्ता समोर असलेल्या माणसाला दिसले ते वेगळे: ड्राय कंटेनर घसरत होते, आणि समूहाच्या नफ्याला हात दिला होता तोट्यातून वर आलेल्या सागरी अभियांत्रिकीने. पुढच्या तिमाहीत चित्र पालटले. नऊ महिन्यांचा नफा सुमारे १५७ कोटी, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी. तिसऱ्या तिमाहीत हाती आले ते फक्त २९ कोटी.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. बाजार विकत घेऊन वाढण्याचा रस्ता या कंपनीला जवळजवळ बंद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने मर्स्कचा रीफर बनवणारा उद्योग सुमारे ९९ कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले होते. जगातल्या रीफर उत्पादनाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग चिनी सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या कंपन्यांकडे जाईल, या मुद्द्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाने हरकत घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये सौदा मोडला.

पायरी ९: हीच पट्टी भारतीय कारखान्याला

२०२१ च्या टंचाईत न्हावा शेव्याच्या निर्यातदारांना रिकामे कंटेनर मिळेनात, तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदा गंभीरपणे विचारले गेले की कंटेनर इथेच का बनत नाहीत. भावनगरला कारखान्यांची जुळवाजुळव सुरू झाली. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कंटेनरनिर्मितीसाठी पाच वर्षांत १०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. या विषयातल्या एखाद्या भारतीय कंपनीचा शेअर उद्या तुमच्यासमोर येईल, तेव्हा घोषणेवर जाऊ नका. तिच्या व्यवस्थापनाला तीन आकडे विचारा.

एक, कोर्टेन पत्रा चिनी कारखान्याला ज्या भावाने पडतो त्याच्यापेक्षा यांना टनामागे किती महाग पडतो. दोन, कोपऱ्यांचे ठोकळे, दाराचे दांडे आणि फरशी देशात बनतात की चीनमधून येतात; ते तिकडून येणार असतील तर स्वस्ताईची अर्धी वाट तिथेच संपते. तीन, घेणारा कोण. सरकारी कंपनीने रेल्वेसाठी घेतलेले देशांतर्गत कंटेनर हा एक ठरीव, मर्यादित बाजार आहे. परदेशी भाडे कंपनीने खुल्या भावात घेतलेले कंटेनर ही खरी परीक्षा. आणि २०२३ सारखे वर्ष आले, जगाची मागणी दोन वर्षांत एक तृतीयांशावर आली, तर कारखाना किती महिने रिकामा तग धरेल, याचे उत्तर ताळेबंदातल्या कर्जाच्या ओळीत शोधा. सीआयएमसीच्या मागे ट्रेलर, गॅसच्या टाक्या आणि बोर्डिंग पूल होते. फक्त कंटेनर बनवणाऱ्या नव्या कंपनीकडे ती सोय नसेल.